फ्रिजवरचा चार्ट आणि अर्धी भरलेली बाटली

जूनमध्ये मी एक चार्ट केला होता. ऑफिसात लंच टाइममध्ये बसून, एक्सेलमध्ये, चार रंग वापरून. सकाळी ५.३० उठणे, ५.३५ कोमट पाणी, ५.४० सूर्यनमस्कार १२, मग दूध, भिजवलेले बदाम ५, दिवसभरात पाणी ८ ग्लास, संध्याकाळी चालणे, रात्री १० ला दिवे बंद, आणि दर रविवारी वजन. लेक दहावीत गेलेली ना, म्हटलं वर्षभर तब्येत सांभाळली की अभ्यास आपोआप होईल. कलर प्रिंट काढली (ऑफिसच्याच प्रिंटरवर, साहेबांना सांगू नका) आणि फ्रिजवर चार मॅग्नेट लावून टांगली.

चार दिवस चालला चार्ट. पाचव्या दिवशी सासूबाईंनी त्याच्या कडेला पेन्सिलीने दुधाचा हिशोब लिहायला सुरुवात केली. मी चिडले तर म्हणाल्या, अगं कोरी जागा होती, आणि तसंही कोण बघतंय त्याच्याकडे. ते खरंच होतं.

लेकीला ब्लॉगवर चिऊ म्हणते, खरं नाव टाकलं तर घरात राहू देणार नाही. वय १५. शाळा सकाळी ७ ची, दुपारी घरी, संध्याकाळी ५ ते ८ क्लास. मी चर्चगेटला ऑफिसात, नवरा ठाण्याला, म्हणजे दिवसभर ती आणि आजी. आता हे सगळं का लिहितेय तर आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर परवा एकीने विचारलं की टीनएजर मुलांसाठी हेल्थ प्लॅन कसा करायचा कोणाकडे फॉरमॅट आहे का, आणि मला माझा तो चार रंगांचा चार्ट आठवून हसूच आलं.

तर जुलैतली गोष्ट. आम्ही दोघी दादरच्या पुलावर, संध्याकाळची वेळ, अंगावर येणारी गर्दी, आणि चिऊ एकदम म्हणाली आई थांब, डोळ्यापुढे काळं येतंय. कठड्याला टेकवून उभी केली तिला, एका बाईंनी पर्समधून लिमलेटची गोळी काढून दिली, मुंबईत बायका असं काहीतरी देतातच. दुसऱ्या दिवशी फॅमिली डॉक्टरकडे. त्यांनी तिची खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली आणि ब्लड टेस्ट लिहून दिली. हिमोग्लोबिन ९.८. या वयाच्या मुलीचं १२ च्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया, आणि हिचं तर किंचित कमी असंही म्हणता येणार नाही.

मी म्हटलं डॉक्टर अहो रोज बदाम देते! ते म्हणाले बदाम द्या हो, पण चहा कधी पिते? आणि मग कळलं की बाईसाहेब दूध बेसिनमध्ये ओतून आजीबरोबर चहा-खारी खातायत, सकाळी एक आणि क्लासहून आल्यावर जेवणाच्या तोंडावर एक. चहा जेवणाला लागून घेतला की जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही, आणि उलट लिंबू पिळलं तर पालेभाजीतलं, डाळीतलं लोह जास्त शोषलं जातं. इतकं साधं, आणि आपण पोह्यांवर लिंबू चवीसाठी पिळतो आणि वर लगेच चहा पितो. डॉक्टर म्हणाले घाबरू नका, तुमचं घर काही वेगळं नाही. खरंच नाही, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१ चं) १५ ते १९ वयातल्या ५९ टक्के मुलींना अ‍ॅनिमिया निघाला आणि मुलग्यांमध्येही ३१ टक्के. म्हणजे चिऊच्या वर्गातल्या एका बाकावर दोन मुली बसल्या तर एकीला असणारच असं धरून चाला.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, जंताची एक गोळी झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममधून किंकाळी, आई मी मरणार बहुतेक, सगळं काळं झालंय! डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की लोहाच्या गोळ्यांनी शी काळी होते, काळजी करू नका, पण ते मी तिला सांगायचं विसरले. मला सांगितलं, तिला नाही, तब्येत मात्र तिची. हे तेव्हा डोक्यात आलं नाही, नंतर आलं.

डोक्यात घातलं ते नणंदेने. ती स्टाफ नर्स आहे, रविवारी आली होती भाजी निवडत गप्पा मारायला. फ्रिजवरचा चार्ट वाचला, दुधाचा हिशोब वाचला, आणि हसून म्हणाली, वहिनी, हा तर तुझा प्लॅन आहे, पोरीचा कुठाय? मग तिने लाल पेन घेतलं आणि दर रविवारी वजन ही ओळ खोडली, इतकी की कागद फाटला. म्हणाली या वयात वजन वाढायलाच हवंय, आणि मुलांचा बीएमआय आपल्यासारखा २३-२५ वर मोजत नाहीत, त्याचे वयाप्रमाणे वेगळे तक्ते असतात, बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये काढलेले, ते डॉक्टर बघतील, तू काटा माळ्यावर टाक. टाकला. (पुढे गणपतीत एक काकू आल्या आणि चिऊला म्हणाल्या, काय गं गाल वर आले तुझे. त्या रात्री ही जेवली नाही. दीड महिन्याची मेहनत एका वाक्यात. त्या काकूंना मी मोदक दोनच वाढले, एवढंच करू शकले.)

नणंदेने सांगितलं प्लॅनबिन नंतर, आधी तीन दिवस फक्त लिहायचं. दोन शाळेचे दिवस, एक रविवार. कधी झोपली, कधी उठली, काय खाल्लं, काय प्यायली, कधी हालचाल केली, मूड कसा होता. काही बदलायचं नाही, चांगलं दिसावं म्हणून खोटं लिहायचं नाही. आणि वहिनी, तू वाचशील तेव्हा तोंडातून एक शब्द काढायचा नाहीस. हे शेवटचं सगळ्यात अवघड होतं हो.

चिऊने जुन्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं. झोप रात्री १२.३० ते ५.४५, म्हणजे सव्वापाच तास. तेरा ते अठरा वयाला ८ ते १० तास लागतात. सकाळी पोटात चहा आणि दोन खारी, मग थेट १०.१५ ला डबा, तो अर्धा. क्लासच्या आधी वडापाव, क्लासनंतर कधी फ्रँकी. रविवारी १२ ला उठली. हालचाल या रकान्यात तिने लिहिलं होतं "जिना". आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो.

आणि पाणी. एक लिटरची बाटली सकाळी भरून नेते ती दुपारी घरी अर्ध्याहून जास्त भरलेलीच. शाळेच्या दोन्ही दिवशी तेच. मी इतके दिवस ओरडत होते की पाणी पीत नाहीस, पाणी पीत नाहीस, आठ ग्लासचं टार्गेट पण लावलं होतं चार्टवर. तोंड उघडायचं नव्हतं पण मी विचारलंच, मुद्दाम पीत नाहीस का? तर म्हणाली हो. मी म्हटलं का? तर माझ्याकडे अशी बघितली की मला एवढंही कळत नाही. म्हणाली, आई, शाळेतलं टॉयलेट बघितलंयस तू? चार संडास, त्यातल्या एकाला कडी. बाकी ठिकाणी एकीने बाहेर दार धरून उभं राहायचं आणि मधली सुट्टी संपली की ती पळून जाते. साबण नाही. डस्टबिनला झाकण नाही, म्हणून पाळीच्या दिवसांत ती पॅड बदलतच नाही, सकाळी ६.४५ पासून दुपारी दीडपर्यंत एकच. चार ते सहा तासांत बदलायला हवं हे तिला माहीत होतं, सायन्सच्या मॅडमनीच सांगितलं होतं म्हणे, वर्गात, त्याच शाळेत.

मी गप्प बसले. आठ ग्लासचं टार्गेट! पोरगी पाणी पीत नव्हती कारण कडी नव्हती. तासन् तास लघवी धरून ठेवायची, पाणी टाळायचं, यातून युरिन इन्फेक्शन होतं हे मला माहीत आहे, मला स्वतःला झालंय लोकलच्या प्रवासापायी, पण लेकीच्या बाबतीत मी तिलाच आळशी ठरवून मोकळी झाले होते.

मग प्लॅन झाला. ऑगस्टमध्ये, कॅलेंडरच्या जुलैच्या पानाच्या मागे, ओट्यापाशी, मी भेंडी चिरत होते आणि ती लिहीत होती. नणंदेचं म्हणणं, तीनपेक्षा जास्त गोष्टी नकोत, आणि प्रत्येकीपुढे एक रकाना, हे कोणी करायचं. हा रकाना भारी निघाला. कारण अर्ध्या ओळींपुढे चिऊने माझं नाव लिहिलं.

पहिली ओळ, रिकाम्या पोटी शाळेत जाणार नाही, पण काय खायचं ते मी ठरवणार. ठरवलं काय, तर रात्रीची पोळी तुपावर परतून गूळ लावून रोल, किंवा शेंगदाण्याचा लाडू आणि केळं, तेही घरी बसून नाही, जिना उतरताना. मला आधी वाटलं हे काय खाणं झालं. पण रोज दूध बेसिनमध्ये जाण्यापेक्षा जिन्यात लाडू पोटात गेलेला बरा. चहा बंद नाही केला, फक्त क्लासहून आल्यावरचा सोडला आणि सकाळचा दुपारी चारला सरकवला, आजीची कंपनी तिला सोडायची नव्हती आणि आजीलाही. सासूबाईंनी स्वतःहून नाचणीची आंबील सुरू केली, अळिवाचे लाडू थंडीत करीन म्हणाल्या, आणि माळ्यावरची लोखंडी कढई खाली आली जी मी नॉनस्टिकच्या नादात वर टाकली होती. वडापाव? तो आहेच. दादरला राहून वडापाव बंद म्हणजे उगाच खोटं बोलायला शिकवणं. रोजचा होता तो आठवड्यात दोनदा झाला, हे तिनेच ठरवलं, आणि ती पाळते बऱ्यापैकी.

दुसरी ओळ चालण्याची. जागतिक आरोग्य संघटना म्हणते ५ ते १७ वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं घाम येईल अशी हालचाल करावी आणि आठवड्यात निदान तीनदा हाडं-स्नायू बळकट होतील असं काहीतरी, उड्या, पळणं वगैरे. हाडांचं तर असं आहे की मुलींची जवळजवळ ९० टक्के हाडांची भरणी अठरापर्यंत होऊन जाते, नंतर आपण फक्त राखायचं काम करतो. हे वाचून मी लगेच म्हटलं शिवाजी पार्कला समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब लावू, पाच मिनिटांवर तर आहे, किती छान मुली करतात दोरीवर. चिऊ म्हणाली मला सगळ्यांसमोर दोरीवर लटकायचं नाहीये. संपलं. तिने लिहिलं, मंगळ, गुरू, शनि, मैत्रिणीबरोबर पार्काला फेरी, क्लासच्या आधी. मैत्रीण महत्त्वाची, एकटी असती तर दुसऱ्या आठवड्यातच बंद पडलं असतं. त्या दोघी चालतात कमी आणि बोलतात जास्त असा मला संशय होता, एकदा लपून बघितलं, तर हो, पण पाय चालू होते.

पावसात फेरी कुठली. तेव्हा दोरीच्या उड्या, कॉमन पॅसेजमध्ये. दुसऱ्या मजल्यावरचे काका वर आले, म्हणाले आमचा फॅन हलतो. मग पार्किंगमध्ये. नवरात्रात गरबा मोजला. ६ डिसेंबरच्या आसपास पार्क चैत्यभूमीला येणाऱ्या लोकांनी भरलेलं असतं, तो आठवडा तिने आधीच सुट्टी म्हणून लिहून ठेवला होता. प्रिलिमचा पण. माझ्या चार्टला सुट्टीच नव्हती, आता बघितलं की हसू येतं.

तिसरी ओळ झोपेची आणि इथे भांडण झालं. मी १० वर अडून, ती म्हणे १० ला पडून छताकडे बघते मी. नणंदेने सांगितलं की ती नाटक करत नाहीये, वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढायला लागतं, त्यामुळे अकरापर्यंत झोप न येणं हे या वयात नॉर्मल आहे. आणि इथेच मला राग येतो. २०२४ मध्ये सरकारने ठरवलं की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवायचे नाहीत, लहानांची झोप पुरी व्हावी म्हणून. चांगलंच केलं. पण लहान पोरं तर नऊलाच पेंगतात हो, ज्यांचं घड्याळ खरंच उशिरा चालतं ती मोठी मुलं सातच्या शाळेत. बसवा आता गणित. आमचं असं बसलं, ११ ला सगळ्यांचे फोन पोळ्यांच्या रिकाम्या डब्यात, डबा फ्रिजवर, त्या चार्टच्या बरोबर वर. सगळ्यांचे म्हणजे माझाही आणि बाबाचाही, ही तिची अट. दुपारी शाळेतून आल्यावर अर्धा-पाऊण तास झोप, त्याहून जास्त नाही नाहीतर रात्र बिघडते, आणि रविवारी नऊपर्यंत. साडेसात होतात कसेबसे. आठ होत नाहीत, मी खोटं नाही सांगणार. पहिल्या आठवड्यात डब्यातून नवऱ्याचा फोन रात्री पावणेबाराला वाजला, ऑफिसचा ग्रुप, आणि ते पातेल्यासारखं घुमलं सगळ्या घरात. नियम मोडणारा पहिला माणूस बाबा.

याच प्लॅनच्या खाली तिने एक चौथी ओळ लिहिली, नंबर न देता. खूप वाईट वाटलं तर कोणाला सांगणार. आणि पुढे लिहिलं, आत्या. मी भेंडी चिरतच राहिले. लागलं हो मनाला, आईचं नाव नाही! रात्री नवऱ्याला म्हटलं, तर तो म्हणाला तू पंधराची असताना तुझ्या आईला सांगायचीस का? मी मोठ्या मावशीला सांगायचे. नणंदेला फोन करून फक्त एवढं म्हटलं की तुझं नाव लागलंय, ती म्हणाली माहीत आहे, तिने मला विचारून लिहिलंय. त्या ओळीत आत्याने अजून एक नंबर लिहायला लावला, १४४१६, टेली मानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र लागतो, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे आणि मराठीत बोलतात. तुमच्या घरी प्लॅन नसला तरी हा नंबर असू द्या कुठेतरी दाराच्या मागे.

नणंदेचा मुलगा १७ चा, त्याने पण हिचं बघून तीन दिवस लिहिलं. मला म्हणाला मामी मी तर फिट आहे, जिमला जातो. त्याच्या वहीत प्रोटीन पावडरचे दिवसाला तीन स्कूप, जिमच्या आधी एनर्जी ड्रिंक, झोप पाच तास. त्या कॅनवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की मुलांसाठी नाही, त्याने कधी वाचलंच नव्हतं. आणि १६-१८ च्या मुलाला दिवसाला साधारण ५५ ग्रॅम प्रोटीन लागतं, ते डाळ, दूध, दही, दोन-तीन अंडी, रविवारचं चिकन यात होऊन जातं, हे त्याच्या आईनेच त्याला डबा उघडून मोजून दाखवलं. नर्सच्या घरात हे चाललं होतं, तर आपल्याला काय दोष द्यायचा. त्याने पावडर सोडली नाहीये, एक स्कूपवर आलाय. कॅन सोडला.

कडीचं काय झालं ते राहिलं. प्लॅनच्या खाली तिने कडीचीही एक ओळ लिहिली होती, तिच्यापुढे माझं नाव होतं. सप्टेंबरच्या पालक सभेत विषयपत्रिकेवर स्नेहसंमेलन आणि प्रिलिमचं टाइमटेबल, मी शेवटी उभी राहिले आणि म्हटलं मुलींच्या संडासाला कड्या नाहीत. एकदम शांतता. चार वडील मोबाइलमध्ये बघायला लागले. मला वाटलं आता बसावं खाली, तेवढ्यात मागून एक आई म्हणाली, माझी पण पाणी पीत नाही. मग तिसरी. मुलींनी घरी कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, आम्ही सगळ्या आपापल्या घरी आठ ग्लास, आठ ग्लास करत बसलो होतो. बाईंनी लिहून घेतलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर दोन दारांना कड्या लागल्या, झाकणाचा डस्टबिन आला. साबण अजून नाही, त्यासाठी जानेवारीच्या सभेत परत उभी राहणार आहे, आता लाज गेली आहे.

ऑक्टोबरमध्ये हिमोग्लोबिन ११.९ आलं. गोळ्या अजून चालूच आहेत, डॉक्टर म्हणाले आकडा भरला तरी पुढे तीन महिने घ्यायच्या, साठा भरायला, मध्येच सोडायच्या नाहीत. प्लॅनचं पान आता तेलकट झालंय, त्यात दोनदा खाडाखोड झाली, गुरुवारची फेरी शुक्रवारी गेली.

आणि गेल्या मंगळवारी दुपारी सासूबाईंचा ऑफिसात फोन, अगं, चिऊची बाटली आज रिकामी आली! मी चर्चगेटवरून येताना तिच्यासाठी खास चिकू घेतले, घरी येऊन मिठीच मारली. ती म्हणाली काय झालं तुला? मी म्हटलं बाटली! तर म्हणाली, ती ना, झाकण नीट लागलं नव्हतं, दप्तरात सांडली सगळी. भूगोलाची वही फॅनखाली वाळत होती.